एफवायपासून लिपिक-टंकलेखकापर्यंत : माझी वर्षं, माझे दाखले आणि मेसचा खाडा

रुजू होऊन आता काही महिने झाले, पुण्यातल्या एका सरकारी ऑफिसात, लिपिक-टंकलेखक म्हणून. तहसीलदार नाही, पीएसआय नाही, गट क. हे आधीच सांगून टाकते कारण असले अनुभव वाचताना मी स्वतः आधी खाली स्क्रोल करून पोस्ट कुठली मिळाली ते बघायचे आणि मग ठरवायचे वाचायचं की नाही. तर ज्यांना मोठी पोस्टच बघायची आहे त्यांनी इथेच थांबलं तरी माझी हरकत नाही. बाकीच्यांसाठी लिहिते, विशेषतः जी पोरं बारावीनंतर "मी आत्तापासूनच तयारी करणार" म्हणून बीएला ॲडमिशन घेतात आणि पुढे काय करायचं ते त्यांना कोणी सांगत नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातली, डाळिंबाच्या पट्ट्यातली. २८ मे २०१९ ला बारावीचा निकाल लागला, सायन्सला ६१ टक्के. त्यात काय होत नसतं हे सगळ्यांना माहीत होतं. चुलते म्हणाले डीएड कर, मामा म्हणाले नर्सिंग, आणि मी म्हणाले बीए करते, भूगोल घेऊन, आणि स्पर्धा परीक्षा देते. आण्णा, म्हणजे माझे वडील, गप्प बसले. आई एवढंच म्हणाली, "तीन वर्सं शिकतीस तवर कुणी काय बोलणार न्हाय, पुढचं पुढं." या "पुढचं पुढं" चा अर्थ स्थळं बघणं असा होता, तो तेव्हा मला कळला नव्हता.

एफवायचं वर्ष मी कसं घालवलं ते सांगायला लाज वाटते पण सांगते. पुण्याला मावशीकडे गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकातून २,७०० रुपयांची पुस्तकं आणली, दुकानदाराने "एमपीएससीचा सेट" म्हणून जे बांधून दिलं ते सगळं. घरी येऊन चार रंगांच्या पेनांनी नोट्स काढायला बसले. नोट्स म्हणजे काय तर पुस्तकातलंच वहीत उतरवायचं. राज्यपाल हा धडा मी तीन वेळा लिहून काढला, एकदा सुंदर अक्षरात, एकदा तक्त्यात, एकदा परत कारण तक्ता वाकडा झाला होता. पेपरची कात्रणं कापून चिकटवायचे, ती एक फाईल भरली, ती मी आजतागायत उघडलेली नाही. आणि या पूर्ण वर्षात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची, म्हणजे एमपीएससीची, एकही जुनी प्रश्नपत्रिका मी बघितली नव्हती, जी वेबसाईटवर उत्तरतालिकेसकट फुकट असते. प्रश्न कसा विचारतात हेच माहीत नाही आणि मी उत्तरं पाठ करत होते.

तालुक्याला एका क्लासची तीन वर्षांची फाउंडेशन बॅच निघाली होती, ४५ हजार. आण्णा जर्शी गाय विकायला तयार झाले होते. मी नको म्हणाले, पण त्यात काही शहाणपण नव्हतं, क्लास सुटायच्या आधी आमच्या गावची शेवटची एसटी निघून जायची एवढंच कारण. गाय वाचली ती एसटीच्या टाईमटेबलमुळे.

त्या वर्षात एकच गोष्ट कामाची झाली आणि तीही चुकून. २६ जानेवारी २०२० ला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती, आण्णा म्हणाले चल, नाहीतरी घरी काय करतीस. मी गेले. तोपर्यंत ७३ वी घटनादुरुस्ती, १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, वर्षातून किमान चार ग्रामसभा, गणपूर्ती म्हणजे कोरम, हे सगळं मी पाठ करून बसले होते. प्रत्यक्षात मारुतीच्या पारावर तीसेक माणसं, बायका आम्ही चौघी, ग्रामसेवक रजिस्टर घेऊन सह्या घेत फिरतोय आणि अर्ध्या सभेचा विषय पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोण उघडणार. एका म्हातारबाबांनी विचारलं, मागच्या सभेत ठराव झालेला त्याचं काय झालं, तेव्हा ग्रामसेवकाने मागचं प्रोसिडिंग वाचून दाखवलं. त्या दिवशी मला ठराव, इतिवृत्त, गणपूर्ती हे शब्द कळले, आणि नंतर त्यावरचा कुठलाही प्रश्न कधी चुकला नाही. तेव्हापासून सवय लागली. आण्णांबरोबर सातबाऱ्यावरची विहिरीची नोंद करायला तलाठ्याकडे जायचं, फेरफार म्हणजे काय, आठ-अ म्हणजे काय, मंडळ अधिकारी कशाला सही करतो, ते तिथेच विचारायचं. गावातल्या पोरांना ही सोय आहे, शहरातल्यांना नाही, आणि आपण ती वापरत नाही.

मग मार्चमध्ये लॉकडाऊन. गावात पेपर यायचा बंद झाला. कॉलेज मोबाईलवर आलं, म्हणजे आमच्याकडे रेंज शेताच्या बांधावर यायची म्हणून मी बांधावर. पाचवी ते बारावीची बालभारतीची पुस्तकं वेबसाईटवर पीडीएफ मिळतात, ती एकेक उतरवून वाचायला लागले. पाचवीपासून. सुरुवातीला कमीपणा वाटायचा, चौदा वर्षांचा चुलत भाऊ चिडवायचा की ताई पाचवीत नापास झाली. पण भूगोल आणि विज्ञानाचा माझा जो काही पाया आहे तो त्या आठ-नऊ महिन्यांतला, भाजून काढणाऱ्या उन्हात लिंबाखाली बसून. कुठलाही सेट न घेता फक्त एवढंच केलं असतं तरी एफवाय सार्थकी लागलं असतं.

आता कागदपत्रांचं, हे जरा सविस्तर लिहिते कारण यावर कोणी बोलत नाही. सगळे बुकलिस्ट विचारतात.

आम्ही ओबीसी. पण माझा जातीचा दाखलाच काढलेला नव्हता, कधी कुठे लागलाच नव्हता. एसवायला असताना, २०२० ची दिवाळी झाल्यावर, मी सेतूत, म्हणजे दाखल्यांचे अर्ज घेतात त्या केंद्रात, चौकशीला गेले तर तिथल्या दादांनी पहिला प्रश्न विचारला, "६७ च्या आधीचा पुरावा आहे का?" ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख आहे, त्याच्या आधी तुमचं घराणं कुठे राहत होतं आणि कागदावर जात काय लिहिली होती ते दाखवावं लागतं. प्रत्येक प्रवर्गाची तारीख वेगळी आहे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, आपली कुठली ते बघून घ्या. आमची पंचाईत अशी की आजोबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले, ७२ च्या दुष्काळात इकडे आले आणि इथेच राहिले. म्हणजे त्या तारखेला घर माणमध्ये होतं, म्हणून जातीचा दाखलाही तिकडच्या प्रांतांकडून (उपविभागीय अधिकाऱ्यांकडून) काढायचा, इकडून नाही. हे कळायलाच मला दोन आठवडे गेले आणि दोन खेपा गेल्या.

बरं, आजोबा शाळेत गेलेच नाहीत. त्यांचे थोरले भाऊ गेले होते, दुसरीपर्यंत. मग आण्णा आणि मी मोटारसायकलवर त्या मूळ गावी गेलो, जिथे मी आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवत होते. हेडमास्तर चांगले होते, त्यांनी लोखंडी पेटी उघडली, वरची रजिस्टरं काढली, फडक्याने पुसली, आणि आम्ही दोघं पान पान चाळत बसलो. ४८ सालच्या पानावर थोरल्या आजोबांचं नाव निघालं. पुढे जात, जन्मगाव, आणि शाळा सोडल्याचं कारण, "गुरे राखणे". आण्णा बराच वेळ तेच बघत होते. मग म्हणाले, "आरं, आबांचं नाव कागदावर हाय." निर्गम उताऱ्याची, म्हणजे रजिस्टरातल्या त्या नोंदीची, नक्कल घेतली, दोन प्रती घेतल्या, तुम्हीही दोनच घ्या.

घरी आल्यावर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं. त्यात चूक आमचीच झाली, रजिस्टरला "बाबू" आणि आम्ही लिहिलं "बाबूराव". त्रुटी निघाली. परत प्रतिज्ञापत्र, परत शंभरचा स्टॅम्प, परत एक खेप, एकूण अडीच महिने. म्हणून सांगते, रजिस्टरला जसं आहे तसंच लिहा, आपण मान देऊन राव लावायला जायचं नाही. माझ्या स्वतःच्या नावाचं पण तेच. दाखल्यावर आडनाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्याने, बारावीच्या मार्कशीटवर आईचं नाव निम्मं. हे सगळं कॉलेजात असताना सरळ करून घेतलं, तेव्हा घाई नव्हती म्हणून शांतपणे झालं. जाहिरात निघाल्यावर हेच करायला पळणारी पोरं मी नंतर पुण्यात बघितली, अभ्यास सोडून चार-चार दिवस गावाकडे.

नॉन क्रीमी लेयरला, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे या दाखल्याला, आईवडिलांचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, मर्यादा आठ लाख, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. कुणाला एक वर्षाचं मिळतं कुणाला तीन वर्षांचं. जाहिरातीत कुठल्या तारखेला वैध असलेलं पाहिजे ते लिहिलेलं असतं आणि ते ओळ न ओळ वाचायचं, जवळचं आहे ना म्हणून गृहीत धरायचं नाही. एप्रिलमध्ये काढलं तर निवांत मिळतं, बारावीचा निकाल लागला की ॲडमिशनवाल्यांची रांग सुरू होते. वय-अधिवास दाखला एकदाच काढायचा. पावती तेव्हा तेहतीस रुपये साठ पैशांची यायची, साठ पैसे कसे द्यायचे ते मला कधीच कळलं नाही, चौतीस द्यायचे. एकूण सगळ्या कागदांना, पेट्रोल, झेरॉक्स, स्टॅम्प धरून, साधारण ३,८०० रुपये गेले. सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरात आणि मोबाईलवर एकेक स्कॅन, प्रत्येक फाईलला मराठीत नाव, नाहीतर ऐनवेळी स्कॅन एक, स्कॅन दोन मध्ये शोधत बसावं लागतं.

मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची, म्हणजे तहसीलदारासारख्या वरच्या पदांची, पूर्व परीक्षा १४ तारखेला होती ती कोविडमुळे तीन दिवस आधी पुढे गेली, मग २१ ला झाली. पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली होती ते मी घरी टीव्हीवर बघत होते. मी अजून परीक्षेला बसायच्या लायक पण नव्हते, पदवीच नव्हती. पण पहिल्यांदा जाणवलं की यात तारखा आपल्या हातात नसतात. आईनेही तोच टीव्ही बघितला. रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "आन् हे असंच चालत ऱ्हायलं तर गं?" मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले आणि टायपिंगला नाव घातलं.

टायपिंगचं कोणी स्वप्न बघत नाही. परीक्षा परिषदेचा जीसीसी-टीबीसी हा कॉम्प्युटर टायपिंगचा कोर्स, मराठी ३० शब्द प्रति मिनिट आणि इंग्रजी ४०, प्रत्येकी सहा महिने. मी आधी मराठी केलं, मग इंग्रजी. एकेकाला साडेपाच हजार, हप्त्याने. रोज एक तास, त्यात निम्मे दिवस लाईट नाही. मैत्रिणी म्हणायच्या कलेक्टर व्हायचंय ना, मग टायपिंग कशाला शिकते. मलाही ते जरा कमीपणाचंच वाटायचं, घरी सांगितलं होतं पण कॉलेजात सांगितलं नव्हतं. बारावीनंतरच्या सुट्टीत एमएस-सीआयटी झालंच होतं, तेही नोकरीत लागतं.

टीवाय संपत आलं तेव्हा यूपीएससीचा फॉर्म भरला. २१ वर्षं पूर्ण पाहिजेत १ ऑगस्टला, माझी होत होती, आणि शेवटच्या वर्षाला असलं तरी पूर्व देता येते. मुलींना फी नाही हे फॉर्म भरताना कळलं. ५ जून २०२२, सेंटर पुणे. हडपसरला मावसबहिणीकडे मुक्काम, सकाळी साडेनऊचा पेपर आणि दुपारी अडीचचा, मधल्या तीन तासांत कुठे बसायचं हे मी ठरवलंच नव्हतं, शाळेबाहेर फुटपाथवर डबा खाल्ला. सकाळचा जीएसचा, म्हणजे सामान्य अध्ययनाचा, पेपर बघून खरं सांगते, रडायला आलं. शंभरातले चाळीस प्रश्न असे की त्यातला विषयच मी ऐकला नव्हता. नंतर उत्तरं जुळवली तर ६१ मार्क. त्या वर्षीचा ओबीसीचा कटऑफ ८७.५४ होता. आणि दुपारच्या सीसॅटला (उतारे, गणित-बुद्धिमत्तेचा, नुसता पास व्हायचा पेपर) ६६ पाहिजेत, तेही मला कसेबसे पडत होते, कारण इंग्रजी उतारे मी वेळ लावून वाचलेच नव्हते कधी. तीन वर्षं "तयारी" करून ही गत.

काहीजण म्हणतात की पहिला अटेम्प्ट तयारी नसताना देऊ नका, अटेम्प्ट मोजला जातो. ते खरं आहे, एका पेपरला जरी बसलात तरी मोजतात. ओपनला सहाच आहेत. पण मला तो पेपर देऊन जे कळलं ते आणखी तीन वर्षं नोट्स काढून कळलं नसतं. घरी वेळ लावून जुने पेपर सोडवले असते तरी तेच कळलं असतं म्हणा, आणि अटेम्प्टही वाचला असता.

ऑगस्ट २०२२ ला पुण्यात आले. डाळिंबावर तेल्या रोग पडला होता, त्या वर्षी बाग निम्मी पण आली नव्हती, तरी आण्णांनी पाठवलं. आईशी बोली झाली, दोन वर्षं, त्यानंतर ती म्हणेल ते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, एका खोलीत आम्ही पाच जणी, ३,२०० रुपये आणि तेवढंच डिपॉझिट. मेस २,९००, दोन वेळचं, रविवारी एक वेळ. अभ्यासिका १,२००. चहा, रिचार्ज, झेरॉक्स, टेस्ट सिरीज धरून महिन्याला साडेआठ हजारांच्या खाली कधी आलं नाही. नवीन येणाऱ्यांना सांगते, मेस लावताना खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापायचा, नियम पहिला विचारा. काही ठिकाणी सलग चार दिवस गेलात तरच खाडा धरतात, काही ठिकाणी आधी सांगावं लागतं. मी पहिल्या दिवाळीला न सांगता नऊ दिवस गावी गेले आणि पूर्ण महिन्याचे पैसे भरले. अभ्यासिकेत खिडकीजवळची जागा मागू नका, उन्हाळ्यात कळेल. आणि मुलींनी रात्री साडेदहाला सोबतीने सुटायचं हे ठरवूनच ठेवायचं, आम्ही चौघी जणी होतो, एकीचा धडा राहिला तरी बाकीच्या थांबायच्या.

८ ऑक्टोबर २०२२ ला एमपीएससीच्या गट ब ची, म्हणजे पीएसआयसारख्या पदांची, पूर्व दिली. शंभर प्रश्न, एक तास. एका तासात शंभर प्रश्न म्हणजे काय हे तिथे बसल्याशिवाय समजत नाही, गणितं मी शेवटी ठेवली आणि ती वाचायचीच राहिली. दोन मार्कांनी गेले. पहिली उत्तरतालिका आली तेव्हा मी आत होते, हरकती होऊन अंतिम आली तेव्हा काही प्रश्न रद्द झाले, मी बाहेर. मधल्या काळात मी मुख्यच्या अभ्यासाला लागले होते, मैत्रिणींना पार्टी पण दिली होती, तीन वडापाव आणि एक मिसळ. अंतिम तालिका आल्याशिवाय मार्क मोजायचे नाहीत हे तेव्हापासून.

नोव्हेंबर-डिसेंबर वाईट गेले. पोटात दुखायचं, झोप यायची नाही, अभ्यासिकेत बसून नुसती लोकांकडे बघायचे. समोरच्या रांगेत एक दादा होते, तेहतीस-चौतीसचे असतील, रोज सकाळी सातला येऊन अगरबत्ती लावायचे. त्यांना बघून भीती वाटायची आणि आधारही वाटायचा, दोन्ही एकदमच. घरी फोनवर सगळं चांगलं चाललंय असं सांगायचे. एक दिवस आण्णांनी विचारलं, "पैसं पुरत्यात का?" तर मला फोनवरच हुंदका आला. त्यांनी काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी मिठाच्या डब्याएवढा लोणच्याचा डबा एसटीच्या पार्सलने आला.

जानेवारी २०२३ ला गट ब आणि गट क ची एकत्र जाहिरात आली. एकूण ८,१६९ पदं, त्यात एकट्या लिपिक-टंकलेखकाची ७,०३४. पूर्ण पेठेत गडबड. फॉर्ममध्ये कुठकुठल्या पदांसाठी इच्छुक ते विकल्प विचारत होते, आणि टायपिंगची सर्टिफिकेटं आहेत का ते विचारत होते. माझ्या खोलीतल्या पाच जणींपैकी मी एकटी "हो" म्हणू शकले. एकीने तर कपाळाला हात लावला, तिचा अभ्यास माझ्यापेक्षा कितीतरी पक्का होता, राज्यसेवेची मुख्य देऊन आलेली. सहा महिन्यांचा कोर्स, जाहिरातीच्या तारखेनंतर कसा आणणार. फी मला तीनशेच्या आसपास पडली.

यावेळी मी नवीन काही वाचलं नाही. जुने पेपर, रोज एक, घड्याळ लावून, सकाळी अकरा ते बारा. चुकलेले प्रश्न वहीत, आणि ती वही रविवारी. गणित-बुद्धिमत्तेला रोज दीड तास, जे मी चार वर्षं टाळत आले होते. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मार्चमध्ये आली ती तक्त्यांपुरती वाचली. ३० एप्रिल २०२३ ला पूर्व झाली, निघाली. गट ब ला परत थोडक्यात राहिले, गट क ला आत.

मुख्य डिसेंबरमध्ये. दोन पेपर, मराठी-इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, प्रत्येकी शंभर प्रश्न, दोनशे मार्क, एक तास. मराठी व्याकरण आपल्याला येतंच असं सगळ्यांना वाटतं आणि तिथेच मार्क जातात. प्रयोग, समास, वृत्तं, रोज अर्धा तास केल्याशिवाय जमत नाही. पेपर देऊन मी पुणे सोडलं, पैसे संपले होते आणि बोलीची दोन वर्षं पण संपत आली होती. सोळा-सतरा महिन्यांचे दीड लाखाच्या आसपास गेले. त्यातले चाळीस हजार मामांचे, ते आता फेडते आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात मुंबईला टायपिंगची कौशल्य चाचणी. सर्टिफिकेट असून परत चाचणी, आणि माझा हात दोन वर्षांत बसलेला नव्हता. घरी कॉम्प्युटर नाही, तालुक्याच्या त्याच टायपिंगच्या सरांकडे गेले, म्हणाले ये रोज, पैसे नको देऊ. दीड महिना सकाळी सातला. तुम्हाला चाचणी असेल तर कळफलक कुठल्या पद्धतीचा निवडायचा ते सूचनांमध्ये नीट वाचा आणि त्याच्यावरच हात बसवा, ऐनवेळी बदलू नका. रात्रभर रेल्वेत उभं राहून गेले, बोटं गार पडली होती, पहिली ओळ तीनदा चुकली, मग चालू झालं.

त्यानंतर वाट बघणं. गुणवत्ता यादी, पसंतीक्रम, भरतीतून बाहेर पडण्याचा विकल्प म्हणजे ज्यांना वरची पोस्ट मिळाली ते सोडतात आणि मागच्यांचा नंबर वर सरकतो, मग शिफारस, मग विभाग. वर्षभर असंच. या काळात घरी दोन स्थळं आली, एकाने विचारलं नोकरी लागली का, आण्णा म्हणाले "यादीत हाय". पाहुणे म्हणाले यादीत तर सगळेच असतात. खोटं नाही म्हणा.

कागदपत्र तपासणीच्या दिवशी मात्र माझं वीस मिनिटांत झालं. मूळ प्रत, झेरॉक्स, मूळ प्रत, झेरॉक्स, फोल्डर त्याच क्रमाने लावलेला. शेजारच्या मुलाचं नॉन क्रीमी लेयर चुकीच्या वर्षाचं होतं, तो फोनवर घरी ओरडत होता आणि मग बाकड्यावर बसून राहिला. जात पडताळणीचा प्रस्ताव शिफारस झाल्यावर टाकता आला, आणि त्या फाईलला लागणारं सगळं, ४८ सालच्या उताऱ्यासकट, माझ्याकडे चार वर्षांपासून तयार होतं. मेडिकल झालं, पोलीस स्टेशनला चारित्र्य पडताळणी झाली, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्रही दिलं, लग्न झालेलं नाही तरी ते द्यावं लागतं. आईला ते वाचून दाखवलं तर ती इतकी हसली.

पगार एस-६ या वेतनस्तरात, मूळ १९,९०० पासून. पुण्यात परत एक कॉट घेतली आहे, त्याच गल्लीत, आता दोघीच जणी. राज्यसेवेची मुख्य आता वर्णनात्मक झाली आहे, लिहायची सवय मोडलेली आहे, सकाळी पाच ते आठ एक-एक उत्तर लिहून बघते. होईल, नाही होईल.

पहिल्या दिवशी ऑफिसात हेडक्लार्क मॅडमनी बसायला सांगितलं, नाव विचारलं, गाव विचारलं, आणि समोर एक मसुदा टाकला, "टायपिंग येतं ना? हे पत्र काढ." मी "प्रति," टाईप केलं आणि हात जागच्या जागी थांबला. कॉम्प्युटरवरचा कळफलक मी शिकलेल्या पद्धतीचा नव्हताच. मॅडम चष्म्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "हळूहळू काढ, जावकवाला साडेपाचला जातो."